स्टॉप लाईट लागत नाही? नवा स्विच घेण्याआधी हे तपासा

जुन्या मोटरसायकलचा स्टॉप लाईट गेला हे सगळ्यात शेवटी कळतं ते चालवणाऱ्याला. हॉर्न वाजला नाही तर लगेच समजतं, इंडिकेटरचा बल्ब उडाला तर टिकटिक बदलते. मागचा दिवा मात्र आपल्या पाठीमागे. नाशिकला मुंबई नाक्याच्या गर्दीत एखादा रिक्षावाला शेजारी येऊन "ओ दादा, मागचा लाईट लागत नाही तुमचा" असं सांगतो तेव्हा उलगडा होतो. तोवर किती दिवस तसेच फिरलो कोण जाणे. नाहीतर रिपासिंगच्या वेळी कळतं. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण. एमएच-१५ची जुनी गाडी पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला नेली आणि ब्रेक दाबल्यावर दिवा लागला नाही, की खेप वाया.

मग माणूस स्पेअरच्या दुकानात जाऊन थेट "ब्रेक स्विच द्या" म्हणतो. स्विच स्वस्त असतो, बसवायलाही सोपा, त्यामुळे संशय पहिला त्याच्यावर. माझ्या मते स्विचचा नंबर तिसरा किंवा चौथा लागायला हवा. आधी बल्ब, मग होल्डर आणि अर्थ (अर्थिंगची वायर), मग वायरचे जोड, आणि ते सगळं निर्दोष सुटलं तर स्विच. स्विच बिघडत नाही असं नाही, भरपूर बिघडतो. पण तो तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि ती न देता नवा भाग टाकला की जुना दोष तसाच राहतो.

हा लेख हिरो होंडाची स्प्लेंडर आणि सीडी १००, यामाहाची आरएक्स १००, पहिल्या काही वर्षांतली पल्सर, जुनी बुलेट अशा बॅटरीवाल्या गाड्यांसाठी आहे. बॅटरीच नसलेल्या मोपेडचं गणित वेगळं, ते इथे घेत नाही.

करंट जातो कसा

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, फ्यूजपासून किल्लीचा स्विच, तिथून दोन ब्रेक स्विच (एक पुढच्या लिव्हरजवळ, एक मागच्या पेडलजवळ), दोघांकडून एकत्र होऊन एकच वायर मागच्या बल्बला, आणि बल्बमधून अर्थ, म्हणजे चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), म्हणजे बॅटरीचा मायनस. दोन्ही स्विच एकमेकांना समांतर जोडलेले असतात. घराच्या पुढच्या आणि मागच्या दाराला एकाच बेलची दोन बटणं असावीत तसं: कुठलंही दाबा, बेल वाजते. खूप जुन्या काही गाड्यांना पुढचा स्विच दिलेलाच नसतो, तेव्हा तुमच्या गाडीला तो आहे का हे आधी पाहून घ्या. नसलेल्या स्विचचा दोष शोधत बसू नका.

बल्ब दोन फिलामेंटचा असतो. १२ व्होल्टच्या बहुतेक गाड्यांना २१/५ वॅट, म्हणजे ५ वॅटचं बारीक फिलामेंट मागच्या कायमच्या दिव्याचं आणि २१ वॅटचं ब्रेकचं. काही लहान गाड्यांना १०/५ येतो. बल्बच्या टोपीवर आकडा कोरलेला असतो, तोच आणा. जुन्या ६ व्होल्टच्या येझदीत १२ व्होल्टचा बल्ब घातला तर तो जळणार नाही, पण काजव्याइतकाही दिसणार नाही. उलटं केलं तर एका ब्रेकमध्ये उडेल.

नवख्यांचा एक नेहमीचा घोटाळा आत्ताच मिटवू. शंभर सीसीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईट आणि मागचा कायमचा दिवा मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो, बॅटरीवर नाही. त्यामुळे इंजिन बंद असताना तो लागत नाही, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. ब्रेकचा दिवा, हॉर्न आणि इंडिकेटर मात्र बॅटरीवर असतात. म्हणून स्टॉप लाईट तपासायला नुसती किल्ली फिरवणं पुरतं, किक मारायची गरज नाही.

पहिली पाच मिनिटं: हाताने एकदा, पायाने एकदा

संध्याकाळी गाडी उलटी, शेपूट भिंतीकडे करून लावा. भिंतीवर लाल उजेड पडतो तो सीटवर बसूनही दिसतो, दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही. दिवसा करायचं असेल तर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून मागे टेकवून ठेवा. किल्ली फिरवा, हॉर्न वाजवून बघा. मग फक्त पुढचा लिव्हर दाबा, सोडा. मग फक्त पेडल दाबा, सोडा. दोन्ही एकत्र दाबू नका. या तपासणीचा सगळा फायदा ते वेगवेगळे दाबण्यात आहे.

एका ब्रेकने दिवा लागला आणि दुसऱ्याने नाही, तर अर्धं काम झालं. बल्ब, फ्यूज, अर्थ आणि मागे जाणारी वायर हे सगळं ठीक आहे, दोष न चालणाऱ्या स्विचमध्ये, त्याच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये किंवा त्याच्या दोन वायरींत. बल्ब उघडायचंही कारण नाही.

दोन्हींनी लागला नाही, तर दोन्ही स्विच एकाच दिवशी मेले असण्याची शक्यता कमी. (एक आधीच बंद होता आणि दुसरा आज गेला, असं मात्र होतं. कारण एक चालू असेपर्यंत दुसऱ्याची कोणी चौकशी करत नाही.) अशा वेळी मागे बल्बकडे जा. हॉर्नही वाजत नसेल तर त्याही आधी फ्यूज आणि बॅटरी.

दिवा कायम लागलेलाच असेल तर पेडल बोटाने वर उचलून बघा. विझला तर दोष पेडल परत न येण्यात किंवा स्विच जास्त ताणून बसवण्यात आहे. नाही विझला तर मागच्या स्विचचं कनेक्शन काढा, मग पुढच्याचं. ज्याचं काढल्यावर विझेल तो आतून चिकटलाय. दोन्ही काढूनही दिवा चालूच राहिला, तर कुठेतरी वायरचं आवरण घासून ती प्लसच्या वायरला भिडलीये. हँडलचा गळा आणि सीटखाली चॅसीला वायर घासते ती जागा, या दोन ठिकाणी आधी बघा.

कायम जळणाऱ्या दिव्याला लोक "लागतोय ना, मग झालं" म्हणतात. तसं सोडू नका. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर खातो. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद आणि किल्ली चालू राहिली तर दीड तासाच्या आत ती रिकामी. शिवाय कसारा घाट उतरताना मागच्या ट्रकवाल्याला तुमचा दिवा इगतपुरीपासूनच जळताना दिसत असेल, तर खरा ब्रेक दाबल्याचं त्याला कळणार कसं? पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तरी हेच होतं, आणि ती सवय कुठल्याही स्विचने दुरुस्त होत नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो, किंवा इंडिकेटर हलकेच उजळतो, असं काही विचित्र दिसलं तर स्विचला हातही लावू नका. तो अर्थचा दोष आहे. करंटला परतीचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

बल्ब, होल्डर, अर्थ

काचेचे स्क्रू काढा, बल्ब दाबून थोडा फिरवा, बाहेर येतो. फिलामेंट उजेडासमोर धरून पाहा. तुटलेलं दिसतं, काच आतून काळी पडलेली असेल तरी बदला. डोळ्याला शाबूत दिसणारं फिलामेंटही कधी कधी एका टोकाला सुटलेलं असतं, म्हणून बल्ब थेट बॅटरीवर लावून बघणं उत्तम: कडेची धातूची टोपी मायनसला, बुडाचे दोन ठिपके आळीपाळीने प्लसला.

परत बसवताना बल्बच्या अंगावरच्या दोन खुंट्या पाहा. त्या समान उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. ते मुद्दाम केलेलं असतं, बल्ब उलटा बसू नये म्हणून. होल्डर झिजलेला असेल तर जोर लावून तो उलटाही बसतो. मग २१ वॅटचं फिलामेंट मागच्या दिव्याच्या जागी जळतं आणि ब्रेक दाबल्यावर ५ वॅटची किरकोळ भर पडते. मागून बघणाऱ्याला फरक जाणवतच नाही. "लाईट आहे पण ब्रेकचं कळत नाही" ही तक्रार आली की हे आधी बघा.

होल्डरच्या तळाशी स्प्रिंगवर दोन पितळी ठिपके असतात. पावसाळ्यात काचेच्या गॅस्केटमधून पाणी शिरतं आणि त्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. त्र्यंबक रोडला राहणाऱ्यांना, इगतपुरीकडे रोज ये-जा करणाऱ्यांना हे सांगायला नको. झिरो पेपरचा (अगदी बारीक पॉलिश पेपरचा) लहान तुकडा पेन्सिलच्या टोकाला गुंडाळून घासा, ठिपके बोटाने दाबून बघा, उसळी मारून वर आले पाहिजेत. मग अर्थची वायर शोधा. ती मडगार्डला किंवा चॅसीला एखाद्या बोल्टखाली असते, आणि रंगकाम केलेल्या जुन्या गाडीत अनेकदा रंगाच्या थरावरच आवळलेली असते. बोल्ट काढा, खालचा पत्रा खरडून चकचकीत करा, वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) घासा, आवळा. अर्ध्याअधिक "स्विच खराब" गाड्या माझ्या अंदाजाने इथेच बऱ्या होतात.

फ्यूज साईड कव्हरच्या आत, बॅटरीजवळ. जुना काचेचा असेल तर आतली तार तुटलीये का ते दिसतं, पण टोकाला गंज चढून वरून ठीक दिसणारा फ्यूजही करंट सोडत नाही, म्हणून काढून टोकं पुसा. आधीच्या मालकाने तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवलेली सापडली, तर ती फेकून योग्य आकड्याचा फ्यूज घाला. वायर जळायला लागली की ती चांदी काही करणार नाही.

स्विच खरंच मेलाय का

यासाठी मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण मला टेस्ट लॅम्प जास्त भरवशाचा वाटतो. इंडिकेटरचा जुना होल्डर, त्यात १० वॅटचा बल्ब, दोन हात-हातभर वायरी, एका टोकाला चिमटा. झाला टेस्ट लॅम्प.

किल्ली चालू करा. चिमटा इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि दुसरं टोक स्विचच्या एका वायरला, मग दुसऱ्या वायरला. ब्रेक न दाबता एका वायरवर लॅम्प लागला पाहिजे. तिथवर करंट येतोय. दोन्हींपैकी एकावरही लागला नाही तर स्विचपर्यंत करंट पोचतच नाही, मागे किल्लीकडे शोधा. आता ब्रेक दाबा. दुसऱ्या वायरवर लॅम्प तितक्याच तेजाने लागला तर स्विच चांगला. मंद लागला तर आतले संपर्क जळलेत. लागलाच नाही तर स्विच गेला किंवा दाबलाच जात नाही.

मल्टिमीटरवाल्यांसाठी एक सावधगिरी. बीपवर ठेवून स्विच तपासला की बीप येते आणि माणूस समाधानी होतो. बीपसाठी मीटर अगदी किंचित करंट सोडतो. जळके संपर्क तेवढा सोडतात, पावणेदोन अँपिअर सोडत नाहीत. म्हणून मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, ब्रेक दाबून ठेवा, आणि दोन टोकं स्विचच्या दोन वायरींवर लावा. चांगल्या स्विचवर ०.१–०.२ व्होल्ट दिसतील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तो बदलायच्या लायकीचा. दिवा लागतो पण मंद आणि मरगळलेला दिसतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

मीटरही नाही, लॅम्पही नाही, रस्त्यात आहात? स्विचची दोन टोकं सोडवून त्यांना एका वायरच्या तुकड्याने जोडा. दिवा लागला तर स्विच दोषी. जोड फक्त या दोन टोकांतच द्या. चुकून चॅसीला लागला तर फ्यूज जाईल.

रंगांवरून वायर ओळखायची तर जपून. हिरो होंडात किल्लीनंतरचा प्लस काळ्या वायरवर असतो, अर्थ हिरवी, ब्रेकच्या दिव्याकडे जाणारी हिरवी-पिवळी, मागच्या दिव्याची तपकिरी. यामाहात काळी म्हणजे अर्थ, तपकिरी म्हणजे प्लस, ब्रेकची पिवळी आणि मागच्या दिव्याची निळी. म्हणजे एकाची काळी दुसऱ्याच्या काळीच्या बरोबर उलट. स्प्लेंडरवर शिकलेला हात आरएक्सवर तसाच चालवला तर फ्यूज नक्की. आणि वीस वर्षांत किती गॅरेजवाल्यांनी आपल्याकडे होती त्या रंगाची वायर जोडली असेल ते गाडीलाच माहीत, त्यामुळे शेवटचा शब्द लॅम्पचा.

मागचा स्विच

पेडलच्या जवळ उभा, आटे पाडलेला प्लास्टिकचा दंडगोल. खालून दांडी बाहेर येते, तिला स्प्रिंग, स्प्रिंगचं दुसरं टोक पेडलला. जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला, त्यामुळे तिथे डावीकडे शोधा. मागच्या चाकाचा चिखल नेमका इथेच उडतो.

स्विचची चूक ठरवण्याआधी तीन गोष्टी. स्प्रिंग निसटलीये का, ताणून लोंबलीये का? पेडलचा खिळा कोरडा पडून पेडल जड परततंय का? तसं असेल तर खोलून, घासून, ग्रीस लावा. आणि ब्रेकचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक पकडण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, किती आहे? हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांना पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिमी सांगितलेला आहे. आधी मागच्या रॉडच्या नटाने तो नीट करायचा, स्विच त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

अ‍ॅडजस्ट करताना स्विचचं अंग हाताने घट्ट धरा आणि फक्त नट फिरवा. अंग फिरवलं तर वरच्या वायरी पिळवटून आतून तुटतात. नवा स्विच पहिल्याच दिवशी मारायचा हा खात्रीचा मार्ग. दिवा उशिरा लागत असेल तर स्विच वर सरकला पाहिजे, लवकर किंवा कायम लागत असेल तर खाली. दिवा ब्रेक पकडण्याच्या किंचित आधी लागायला हवा. मागचं चाक उचलून हाताने फिरवत पेडल हळूहळू दाबा: आधी लाल उजेड, मग चाकाला अडकाव. मधल्या स्टँडवर हे दोन मिनिटांत होतं.

हा स्विच कायमचा सीलबंद असतो, उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. दांडी अडकत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दहा-वीसदा ओढा. महिना-दोन महिने निघतील. नवा घेताना जुना सोबत न्या आणि दांडीची ओढ, आट्यांची जाडी, टोकाचा कनेक्टर जुळवून पाहा. कनेक्टर वेगळा असला तर वायर पिळून टेप गुंडाळू नका, पहिल्या पावसात टेप सुटतो. बॅटरीचा मायनस काढा, वायर सोला, आधी उष्णतेने आकसणारी नळी एका वायरवर ओवा (हे विसरणारे सगळेच असतात), डाग द्या (सोल्डर करा), नळी जोडावर ओढून गरम करा.

पुढचा स्विच

ड्रम ब्रेकच्या गाड्यांत तो लिव्हरच्या बुडाशी असतो, डिस्कच्या बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरखाली (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीखाली) लहानसा स्विच. लिव्हर सोडलेला असताना त्याचं बटण दाबलेलं राहतं आणि लिव्हर ओढला की बाहेर येऊन संपर्क जुळतो. त्यामुळे लिव्हरचा बोल्ट झिजून लिव्हर खाली लोंबायला लागला की बटण नीट दाबलं जात नाही, दिवा जळतच राहतो, आणि लोक स्विच बदलत बसतात. लिव्हर वर-खाली हलवून बघा. दिवा लुकलुकला तर बोल्ट आणि बुश बदला.

याच्या काही जाती दोन बारीक स्क्रूंवर उघडतात. आतली स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी, उडाली की गेली, म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. तांब्याची पट्टी झिरो पेपरने हलके घासा, क्लीनर मारा, सुकू द्या, बंद करा. उघडत नसेल तर बदला. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही एकदा दिवा तपासा. फक्त डावीकडे वळवल्यावरच जात असेल तर स्विच निर्दोष आहे, वायर हँडलच्या गळ्यात आतून तुटलीये.

पाऊस आणि एलईडी

वॉशिंगवाल्याला प्रेशरची नळी लिव्हरच्या बुडाशी आणि पेडलच्या मागे धरू नको म्हणून सांगा. जूनच्या आधी एकदा दोन्ही स्विचचे कपलर (वायर जोडायचे प्लग) उघडून टोकांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या. निफाड-दिंडोरीकडे जी गाडी द्राक्षबागेत बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीत उभी राहते, तिचे जोड मोरचुदाने लवकर खराब होतात, तिला हे वर्षातून दोनदा.

एलईडी बल्ब टाकला की करंट खूप कमी लागतो, स्विचचे संपर्क जास्त टिकतात. पण मागचा कायमचा दिवा एसीवर चालणाऱ्या गाडीत डीसीचा स्वस्त एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो, आणि ओल्या स्विचमधून झिरपणाऱ्या किंचित करंटवरही तो मंद पेटून राहतो. असं दिसलं तर बल्ब परत करायला धावू नका, आधी स्विच सुकवा.

मागचे ब्रेक शू बदलले, रॉडचा नट आवळला, साखळी ताणताना चाक मागे सरकवलं, की पेडलची जागा बदलते आणि स्विचची वेळही. त्या दिवशी गॅरेजमधून निघण्याआधी शटरच्या पत्र्यावर लाल उजेड पडतोय का, एकदा हाताने आणि एकदा पायाने, बघून घ्या.